गोधडी वाळली पाहिजे

ती. आई आणि बाबांस,
सा. न. वि. वि.

दिवाळीनंतर आपल्या पडवीत वाडीतल्या बायका गोधड्या शिवायला बसणार, हे फार बरं झालं. आई, फोनवर तू विचारलेलं सगळं इथे लिहितेय, म्हणजे चौघींना वाचून दाखवता येईल.

आधी जाडीचं. विकतच्या रजईसारखा आत कापूस किंवा पॉलिस्टरची गादी घालायची नाही, कुणी कितीही आग्रह केला तरी. घाटावर चालतं. आपल्याकडच्या दमट हवेत कापूस एकदा भिजला की आतून वाळत नाही, त्याचे गोळे होतात आणि कुबट वास कायमचा बसतो. सकाळी धुतलेली गोधडी संध्याकाळपर्यंत खडखडीत वाळली पाहिजे, बाकीचं सगळं त्यावरून ठरवा. म्हणून तीनच थर : खाली अस्तर, मध्ये जुनी साडी, वर तुकड्यांचं काम. आपल्याकडे थंडी पडते तरी किती!

एका माणसाच्या गोधडीला दोन सुती पाचवारी साड्या जवळजवळ पुरतात. साडी साधारण साडेपाच मीटर लांब आणि ४५ इंच रुंद असते. लांबीचे तीन समान भाग केले की ७२ इंचांचे तीन तुकडे निघतात. दोन तुकडे काठाला काठ लावून जोडले की ७२ बाय ८९ इंचांचा एक थर झाला. अस्तराला दोन, मधल्या थराला दोन, आणि उरलेले दोन वरच्या चौकोनांना; चौकोन कमी पडतील ते जुन्या शर्टांतून. मात्र दोन्ही थरांची शिवण बरोबर मध्यावर आली की तिथे कणा तयार होतो, पाठीला टोचतो आणि सुईही अडते. म्हणून मधल्या थरातला एक तुकडा उभा चिरून अर्धा अर्धा दुसऱ्याच्या दोन्ही अंगांना लावायचा. शिवणी आपोआप बाजूला जातात.

जरीचे काठ काढून टाका. नायलॉन, टेरिकॉट कितीही सुंदर दिसलं तरी नको. ते सुती कापडावर सरकतं, घाम शोषत नाही, आणि धुतल्यावर सुती भाग आकसला की ते फुगून वर येतं. जुनी साडी उजेडापुढे धरून बघ, मग दोन्ही अंगठ्यांत धरून ताण. चर्रकन आवाज आला तर ती वर वापरायची नाही, फार तर मधल्या थरात. नवं पॉपलिन वापरणार असाल तर कापण्याआधी गरम पाण्यात भिजवून, खळ काढून, वाळवून घ्या. जुनं कापड आकसून झालेलं असतं, नवं पहिल्या धुण्याला आकसतं. लाल आणि गडद निळ्यावर ओलं पांढरं फडकं ठेवून इस्त्री फिरवा. डाग उतरला तर तो तुकडा बाजूला.

बाबा, आता तुमचं काम. वरचं काम ६६ बाय ८४ इंचांचं धरलंय, म्हणजे ६ इंची चौकोन ११ आडवे आणि १४ उभे, एकूण १५४. चारी बाजूंनी पाव इंच शिवणीत जातं, म्हणून कापायचे साडेसहा इंची. त्याचा साचा पत्र्याचा किंवा पातळ प्लायवूडचा करा. पुठ्ठ्याच्या कडा झिजतात आणि विसाव्या चौकोनापासून माप हलायला लागतं. गुण्या लावून चारही कोपरे तपासा. बायकांना वाटेल एवढ्या तेवढ्याने काय होतं, पण प्रत्येक चौकोन एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, कमी आला तर १४ चौकोनांच्या ओळीत पावणेदोन इंच जातात आणि शेजारची ओळ जुळत नाही. मग ओढून जुळवतात, आणि गोधडी जमिनीवर सपाट बसत नाही. आखायला टोकदार पेन्सिल किंवा खडू घ्या. बॉलपेनची शाई धुताना पसरते.

जुन्या फुलशर्टाच्या पाठीतून आठ-नऊ चौकोन निघतात. तुकडा नेहमी उभ्या धाग्यात ठेवून कापा, तिरपा कापलेला चौकोन हातात घेतला की लांबतो. जोडकाम मशीनवर करायला हरकत नाही, १४ नंबरची सुई पुरे. एका ओळीतल्या शिवणी सगळ्या डावीकडे दाबा, खालच्या ओळीतल्या उजवीकडे. ओळी जोडताना शिवणी एकमेकींना अडतात आणि चौक बरोबर जुळतो. इस्त्री दाबायची, घासायची नाही.

धावदोरा मात्र हातानेच. मशीनचा पाय वरचा थर पुढे ढकलतो, खालचा मागे राहतो आणि शेवटी चुण्या पडतात. सारवलेल्या खळ्यात चटई टाकून अस्तर ताणून पसरा, कोपऱ्यांवर वजन ठेवा, वर मधला थर, त्यावर चौकोनांचं काम. अस्तर चारी बाजूंनी अडीच-तीन इंच जास्त असतं, ते तसंच राहू दे, कारण शिवताना वरचं थोडं सरकतंच. मग वीतभर अंतराने उभे-आडवे कच्चे टाके, मध्यापासून बाहेर. हे टाके घालायचा कंटाळा येतो आणि गोधड्या बिघडतात त्या इथेच.

चौघी बसल्या की आपापला कोपरा धरून कडेने शिवत आत यायची सवय असते. तसं केलं तर चारी बाजूंचं ढिलं कापड मध्यावर जमतं आणि तिथे फुगा येतो, तो उसवल्याशिवाय जात नाही. म्हणून पहिली ओळ मधोमध, आणि तिथून दोघी एका अंगाला, दोघी दुसऱ्या अंगाला. कुणी म्हणेल की कारवारकडच्या सिद्दी समाजातल्या बायका कडेपासूनच आत येतात. खरं आहे. यल्लापूर, हल्याळकडच्या त्यांच्या ‘कवंदी’ गोधड्या तशाच होतात, पण त्या वरचे तुकडे आधी जोडून घेत नाहीत. साडीवर एकेक तुकडा दुमडून ठेवत, शिवत पुढे जातात, त्यामुळे ढिलं कापड पुढच्या तुकड्याखाली सामावतं. आपलं वरचं काम आधीच जोडलेलं, त्याला सामावायला जागा नाही.

ओळींत एक इंच अंतर ठेवा, दीडच्या वर नको. मधली साडी जुनी असते, ओळी लांब गेल्या की धुण्यात फाटून गोळा होते. एका इंचात चार-पाच टाके. दोरा हाताच्या लांबीपेक्षा मोठा घेतला की गुंतणारच. मेणाच्या तुकड्यावरून एकदा ओढून घ्यावा. गाठ वर ठेवायची नाही, थरांच्या मध्ये ओढून घ्यायची. मधल्या बोटाला अंगुस्तान हवंच. आई, तू नको म्हणशील, पण तीन थरांतून सुई रेटताना बोट फुटतं आणि रक्ताचा डाग पांढऱ्या चौकोनावरच पडतो. पडलाच तर लगेच गार पाण्याने धुवा, गरम पाण्याने तो पक्का होतो.

प्रत्येकीचा हात वेगळा. घट्ट हाताची आणि सैल हाताची शेजारी बसली तर एक बाजू आक्रसलेली दिसते. दोघी सारख्या हाताच्या एका अंगाला बसवा. कुणाची गोधडी आधी, यावर कुरबुर नको, म्हणून भिशीसारख्या चिठ्ठ्या टाका. पहिली मात्र पाळण्यातल्या दुपट्याची करा, ३६ चौकोनांची, दोनच थर. बटणं, टिकल्या, सुटे काठ काही लावू नका, बाळ तोंडात घालतं.

कडेला सरळ पट्टीचा गोट पुरतो, तिरपी पट्टी गोल कडेला लागते. भोवती ३०० इंच भरतात, कोपरे आणि जोड धरून ३१२. अडीच इंच रुंदीच्या आठ पट्ट्या, म्हणजे ४४ इंच पन्ह्याचं अर्धा मीटरहून थोडं जास्त कापड. पट्टी दुमडून वरून मशीनने लावा, मागे वळवून हाताने हेमिंग घाला.

खारी हवा सुयांना खाते. टाचण्या कापडात टोचून रात्रभर ठेवल्या की पावसाळ्यात दुसऱ्या दिवशी गंजाचा ठिपका उठतो. काम थांबलं की सगळ्या काढून डबीत, डबीत थोडे तांदूळ. कातळावर वाळत घालाल तर आधी जुनी चादर अंथरा, जांभ्याची लाल माती धुऊन निघत नाही. दांडीवर टाकायची झाली तर दोन समांतर दोऱ्यांवर उलटी टाका, एका दोरीवर ओल्या वजनाने जुने धागे तुटतात. मृगाच्या आधी आगोटीच्या, म्हणजे पावसाळ्याच्या तयारीच्या, गडबडीत एक ऊन आणि ऑक्टोबरात एक. पत्र्याच्या ट्रंकेत ठेवताना प्लास्टिकची पिशवी नको, सुती पिशवीत घाला, सुकलेला कडुनिंबाचा पाला टाका आणि दर वेळी घडी बदला, नाहीतर घडीवरच विरते.

इंचा-इंचावरच्या ६५ ओळींना दुहेरी दोरा साधारण साडेतीनशे मीटर जातो. चारशे मीटर एकदमच आणा, एकाच लॉटचा, नाहीतर पांढऱ्यातही छटा बदलते. गुलबक्षी दोरा कुणी आणला तर तो आधी भिजवून बघा.

तुमची,
माधवी