पुडीतली गुळवेल ओळखायची कशी?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

माझं माहेर मोहोळ तालुक्यातलं. वस्तीवरच्या कडुनिंबावर गुळवेल चढलेली होती. आजी वेलीचा तुकडा तोडून त्याची कागदासारखी पातळ साल नखानं सोलायची, मग आडवा चिरून आतलं चाकाच्या आऱ्यांसारखं चक्र आम्हा पोरींना दाखवायची. चक्र दिसलं की गुळवेल, एवढी सोपी ओळख!

कोरोनाच्या दिवसांत सोलापुरात आम्ही गुळवेलीची पावडर विकत आणली. पावडरीत चक्र कुठून दिसणार? माझ्या जाऊबाई रोज सकाळी काढा घ्यायच्या. तिसऱ्या महिन्यात डोळे पिवळे झाले, अंगाला खाज सुटली. रक्तात काविळीचा विषाणू काही सापडला नाही, तेव्हा डॉक्टरांनी काढा बंद करायला सांगितला. दीड महिन्यात त्या बऱ्या झाल्या. दोष गुळवेलीचा, भेसळीचा की आणखी कशाचा, हे कळावं म्हणून उरलेली पुडी घेऊन मी दोन ठिकाणी हिंडले. नमुना कुणीच घेतला नाही.

२०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचं प्रसिद्ध केलं. तशीच दिसणारी दुसरी वेल पोटात गेली असेल, असं आयुष मंत्रालयाचं म्हणणं पडलं. तज्ज्ञांचं जिथं एकमत नाही, तिथं गिऱ्हाइकानं काय ओळखावं?

जाऊबाई आजारी असताना येणारा-जाणारा भुईआवळा सुचवत होता. त्याचीही कथा ऐकण्यासारखी आहे. मद्रासच्या संशोधकांनी तो हिपॅटायटिस-बीचा विषाणू अंगात असलेल्या ३७ जणांना दिला आणि १९८८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केला. २२ जणांच्या रक्तातून विषाणूची खूण गेली. केवढी आशा वाटली असेल! पण पुढे इतरांनी करून पाहिलं, तेव्हा तसा गुण दिसला नाही. उलट सर्पगंधेचं. डॉ. रुस्तम वकिलांनी मुंबईत रक्तदाबाच्या रुग्णांवर तिचा गुण नीट नोंदवून १९४९ मध्ये मांडला आणि साऱ्या जगानं ती घेतली. आजीच्या औषधांवर माझी माया आहे, म्हणूनच ती अशी तपासून घ्यावीत असं मला मनापासून वाटतं.

सोलापुरात फी भरून सामान्य माणसाला पुडी तपासून घेता यावी: वनस्पती कोणती, शिसं-पारा किती. सुट्ट्या पावडरीच्या पुडीवरही वनस्पतीचं शास्त्रीय नाव छापलेलं असावं. माझी पुडी अजून फडताळात, डब्यात बंद आहे. सोय झाली की पहिला नमुना मीच आणून देईन.

— एक निवृत्त शिक्षिका, सोलापूर