खाली न उतरण्याबद्दल

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

मे महिन्यातला ग्रँड कॅन्यनचा मुक्काम काल नक्की केला आणि त्यात एक निर्णय तुम्हाला न विचारताच घेतला. दरी आपण दक्षिण काठावरूनच पाहायची, खाली उतरायचे नाही. बाबा, रागावू नका. गुडघ्याचा यात संबंध नाही असे लिहिले तर आई हसेल, पण गडाचा हिशेबच तेथे उलटा आहे : ताज्या पायांनी उतरायचे आणि दमलेल्या पायांनी उन्हात चढायचे. त्यातून काठच ७,००० फुटांवर असल्यामुळे धाप लवकर लागते.

तुमचे काही हुकणार नाही. हर्मिट रस्त्यावर तेव्हा खासगी गाड्यांना मनाई असते, फुकट बस असते. मात्र परतताना ती पीमा, मोहावे आणि पॉवेल येथेच थांबते, म्हणून होपी पॉइंट आपण जातानाच निवांत पाहू. आई, तुझा प्रश्न ठाऊक आहे : स्वच्छतागृह होपीला आहे आणि शेवटी हर्मिट्स रेस्टलाही, जेथे पिण्याचे पाणी आणि कॉफी मिळते. मेरी कोल्टर या बाईंनी १९१४ मध्ये उभारलेल्या त्या दगडी घरातल्या शेकोटीच्या कमानीत आपले देवघर सहज मावेल.

दुपारी यावापाईच्या संग्रहालयात सावलीत उभे राहून मोठ्या काचांतून दरी दिसते. समोरच्या सुळक्यांना विष्णू, ब्रह्मा, शिव अशी देवळांची नावे आहेत (थट्टा नव्हे!) आणि तळच्या, सुमारे पावणेदोनशे कोटी वर्षांच्या काळ्या खडकालाही विष्णूचेच नाव आहे. बाबा, तेथूनच काठाने एक फरसबंद वाट निघते, जिचा एक मीटर म्हणजे दहा लाख वर्षे. चालण्याची हौस त्या वाटेवर भागवा.

कोकणकड्यावर तुम्ही मला पोटावर झोपवून दरी दाखवली होती आणि माझे घोटे इतके घट्ट धरले होते की घरी आल्यावर आईला वळ दिसले. पुढचे आपल्या तिघांनाही आठवते. येथेही बऱ्याच ठिकाणी कठडा नाही, त्यामुळे या वेळी हात मी धरणार आणि फोटोसाठी कोणीही मागे सरकणार नाही.

रक्तदाबाच्या गोळ्या हातातल्या पिशवीतच ठेवा आणि उंचीबद्दल डॉक्टरांना आधी विचारा. पहाटे गारठा असतो, म्हणून स्वेटर हवा. चपला नकोत, बूटच घाला. प्रवासात लघवीच्या धास्तीने पाणी टाळलेले मला चालणार नाही. काठी मी घेऊन ठेवली आहे. बाबांनी तिला ट्रेकिंगची काठी समजावे, दुकानातही तिला तसेच म्हणतात.

तुमची,
छकुली