पाळकसाहेबांच्या बदलीबद्दल

चि. समीर यास आईचे अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज बाबांनी वाचून दाखवला. पाळकसाहेबांची बदली थांबावी म्हणून बिशपसाहेबांना अर्ज कर, सह्या गोळा कर, सगळं कर. त्यात माझी सही धरू नकोस.

वाईट मलाही वाटलं. आजीच्या मयतीला गुडघाभर चिखल तुडवत आलेला माणूस आहे तो. पण बापू, आपल्या मेथडिस्टांत पाळक एका मंडळीचा नसतो, कॉन्फरन्सचा, म्हणजे सगळ्या भागातल्या मंडळ्यांच्या सभेचा असतो. बिशप नेमणुका वाचून दाखवतात आणि पाळक सामान बांधतो. 1981 मध्ये आपलं चर्च अमेरिकेपासून स्वायत्त झालं, तरी ही रीत तशीच राहिली. ती मेथडिस्ट चळवळ सुरू करणाऱ्या जॉन वेस्लींपासूनची. ते स्वतः घोड्यावरून गावोगाव फिरले. एका पत्रात त्यांनी लिहिलंय की, एकाच जागी वर्षभर उपदेश केला तर मीही झोपेन आणि बरीचशी मंडळीही. (आपल्या मागच्या बाकाला वर्षभरही लागत नाही.) मात्र शाळा सुरू असताना बदली करून पाळकांच्या पोरांचे हाल करणं मला कधीच पटलं नाही.

ते गेले की मंडळी पांगेल, असं तू म्हणतोस. काहून पांगेल? 1742 मध्ये इंग्लंडात ब्रिस्टलला वेस्लींच्या मंडळीला प्रार्थनाघराचं कर्ज फेडायचं होतं, म्हणून बारा-बारा जणांचे गट पाडले, आठवड्याला माणशी एक पेनी. पुढारी पैसे घ्यायला घरोघर जाई, तेव्हा कुठं दारू, कुठं भांडण, कुठं आजारपण, सगळं समोर येई. पुढे ही विचारपूसच मुख्य काम होऊन बसली. त्या गटाला क्लास म्हणत. त्या काळातही काही क्लासच्या पुढारी बाया होत्या! उपदेशक आज इथे तर उद्या दुसऱ्या गावी, क्लास मात्र आठवड्याच्या आठवड्याला भरे. आपली बुधवारची घरगुती प्रार्थना मी त्याच नजरेनं बघते. सध्या कापसाची वेचणी सुरू आहे, म्हणून रात्री आठला बसतो. पाळकसाहेबांकडे चार गावं, ते निम्म्या वेळा नसतातच.

त्यांच्यामुळे तू पुन्हा उपासनेला येऊ लागलास, हे मला ठाऊक आहे. पण वेस्लींचंच बघ. दीक्षा घेतलेले पाळक, तरी मन कोरडं. 24 मे 1738 ला लंडनमध्ये ऑल्डर्सगेट स्ट्रीटवरच्या सभेत कुणीतरी बायबलातल्या रोमकरांस पत्राची मार्टिन लूथरनं लिहिलेली प्रस्तावना वाचत होतं, आणि ऐकता ऐकता यांच्या हृदयाला ऊब आली. रोजनिशीत वेळसुद्धा लिहिली, पावणेनऊच्या सुमारास. वाचणाऱ्याचं नाव तेवढं लिहिलं नाही.

रविवारी निरोपाची उपासना आहे, नंतर सगळ्यांचं जेवण. शुक्रवारी रात्रीच्या महाराष्ट्र एक्सप्रेसनं निघ. मंगळवारी नवे पाळकसाहेब येतील, त्यांचं सामान उतरवायला पोट्टे कमी पडतात. सुटी मिळाली तर तोवर थांब.

तुझी आई