काळोख कुठं ठेवायचा

लंडन, रविवार

ती. बाबा आणि ती. आई,
शि. सा. न. वि. वि.

मागच्या रविवारी फोनवर बाबांनी विचारलं होतं, "दिवेच लावायचे ना? मग दोन वर्षं शिकायचं काय असतं त्यात?" मला तालमीला पळायचं होतं, त्यामुळे उत्तर अर्धवट राहिलं. तो प्रश्न आठवडाभर माझ्याबरोबर होता. काल आमच्या नाटकाचा पहिला प्रयोग झाला. आज सुट्टी आहे, म्हणून सावकाश लिहिते.

बाबा, दिवे लावणं हा नाटकाच्या प्रकाशयोजनेतला सोपा भाग. रंगमंचाचा कुठला भाग काळोखात ठेवायचा आणि किती वेळ, हे ठरवता येणं अवघड. दोन वर्षं मी तेच शिकतेय.

आज रात्री एक करून बघा. खोलीतले सगळे दिवे घालवा, आईला खुर्चीवर बसवा आणि मोबाइलची बॅटरी तिच्या तोंडासमोर धरा. चेहरा सपाट दिसेल, पासपोर्टच्या फोटोसारखा. आता बॅटरी हनुवटीखाली न्या. दचकाल. जन्मल्यापासून आपण माणसांचे चेहरे वरून येणाऱ्या उजेडात बघत आलोय, त्यामुळे सावल्या उलट्या पडल्या की ओळखीचं माणूसही परकं वाटतं. मग बॅटरी बरोबर डोक्यावर धरा. डोळ्यांच्या खोबणी काळ्या होतील, डोळे दिसेनासे होतील आणि आई नुसती बसलेली असली तरी फार दमलेली वाटेल. मागून धरलीत तर चेहरा जाईल, पण केसांना आणि खांद्यांना उजेडाची कड येईल आणि ती मागच्या भिंतीपासून सुटी होऊन पुढे येईल. शेवटी एका बाजूनं धरा. अर्धा चेहरा दिसेल, अर्धा झाकलेला राहील. ही बाई काहीतरी लपवतेय असं वाटायला लागेल.

आई तीच, बॅटरी तीच. पहिल्या वर्षी महिनाभर आम्ही एवढंच करत होतो. एक खुर्ची, एक माणूस, एक दिवा. तेव्हा मला कंटाळा यायचा. आता वाटतं, आणखी महिनाभर करायला हवं होतं.

यातूनच पुढची पद्धत निघते. अमेरिकेत येल विद्यापीठात शिकवणाऱ्या स्टॅन्ली मॅककँडलेस यांनी ती १९३२ साली पुस्तकातून मांडली. रंगमंचाचे लहान लहान भाग पाडायचे आणि प्रत्येक भागावर समोरून दोन दिवे टाकायचे, एक डावीकडून, एक उजवीकडून, दोन्ही साधारण ४५ अंशांत. एकाचा रंग उबदार, दुसऱ्याचा थंड. त्यामुळे चेहरा नीट दिसतो आणि त्याला गोलाईही राहते. आजही बरेच जण इथूनच सुरुवात करतात. पण एवढ्यानं फक्त दिसतं. मनावर काही चढायचं असेल तर त्या दोनातला एक दिवा काढून घ्यायचं धाडस लागतं.

आता आमच्या नाटकाचं सांगते. एक म्हातारी बाई मुलाची वाट बघत घरात बसली आहे. दुपारी नाटक सुरू होतं आणि रात्री संपतं. दुसऱ्या अंकात जवळजवळ वीस मिनिटं ती एकटी असते आणि फारसं बोलत नाही. सेट म्हणजे एकच खोली. डावीकडे खिडकी, मध्ये तिची खुर्ची, टेबल आणि बाहेरचं दार. पहिल्या आराखड्यात दार मागच्या भिंतीत मधोमध होतं. आमच्या नेपथ्यकार बाईंनी ते तिथून काढलं आणि उजव्या टोकाला, खुर्चीपासून जमेल तितकं लांब नेलं. आधी खुर्चीपासून दारापर्यंत चार पावलं होती, आता नऊ आहेत. पावलांचा आवाज आला की बाई उठते आणि नऊ पावलं चालत जाते. दारात कुणी नसतं. मग तीच नऊ पावलं परत. दुसऱ्यांदा ती उठायला लागते तेव्हा बघणाऱ्याच्या पोटात तुटतं, कारण ते अंतर आता त्यालाही ठाऊक असतं. संहितेत याबद्दल एक अक्षर नाही. जमिनीवर खुर्ची ते दार एवढ्याच पट्ट्यात रंग थोडा झिजवलेला आहे, तेही त्यांचंच. बाल्कनीतून तो पट्टा स्पष्ट दिसतो.

भिंतींवरून मात्र माझं आणि त्यांचं वाजलं. भिंती फिक्या रंगाच्या होत्या, आणि फिकी भिंत उजेड परत फेकते. मी कोपरा काळोखात ठेवायला बघायची आणि भिंतीवरून उडालेला उजेड नेमका तिथं जाऊन बसायचा. दोन दिवस आम्ही दोघी आपापल्या जागी घट्ट होतो. तिसऱ्या दिवशी त्यांनी भिंतींच्या वरच्या अर्ध्या भागावर पातळ काळपट रंगाचा फवारा मारून घेतला, खाली विरळ आणि वर जाईल तसा दाट. प्रेक्षकांत बसून बघताना ती नुसती जुनी, धुरकटलेली खोली वाटते. पण डोळा वर भटकत नाही, खाली माणसाच्या चेहऱ्याच्या उंचीवर येऊन थांबतो. हे सगळीकडे करतात, पण माझ्या डोळ्यांसमोर होताना मी पहिल्यांदाच पाहिलं. त्यानंतर नेपथ्याचं काम वेगळं आणि प्रकाशयोजनेचं वेगळं, असं मला म्हणवत नाही.

स्वित्झर्लंडचे नेपथ्यकार आडॉल्फ आपिया यांनी हे शंभर वर्षांहून आधी ओळखलं होतं. त्या काळी पडद्यावर झाडं, खांब आणि त्यांच्या सावल्यासुद्धा रंगवलेल्या असत. पण पुढे उभा असलेला नट खरा, त्याची सावलीही खरी. ती रंगवलेल्या झाडावर पडली की सोंग उघडं पडायचं. म्हणून सगळीकडे सपाट उजेड टाकून सावल्याच मारून टाकत. आपिया यांचं म्हणणं उलट होतं. रंगवलेले पडदे काढा, खऱ्या पायऱ्या, उतार, खांब ठेवा, म्हणजे उजेडाला पडायला काहीतरी भरीव मिळेल. १९१२–१३ मध्ये जर्मनीतल्या हेलेराऊ इथं त्यांना हे करून बघता आलं. पायऱ्या, आणि भोवती अर्धपारदर्शक कापडामागे लपवलेले दिवे. त्या प्रयोगांचे जुने फोटो मी वारंवार बघते. आत्ता करायला घ्यावं असं वाटतं इतके ते ताजे आहेत.

आता माझी चूक. रंगमंचावरच्या उजेडातल्या प्रत्येक बदलाला क्यू म्हणतात. आमच्या नाटकात ९३ आहेत. त्यातला सगळ्यात महत्त्वाचा दुसऱ्या अंकातला, आई, तू ज्याला कातरवेळ म्हणतेस तो. मी तो ४० सेकंदांचा केला होता. खिडकीतलं ऊन तांबूस होऊन विझायचं, फार सुंदर दिसायचं. तालमीत सगळे खिडकीकडे बघत राहिले. समोर इतकी मोठी नटी बसलेली, तिच्याकडे कुणाचं लक्ष नाही. दिग्दर्शकानं तालीम थांबवली आणि हळू आवाजात विचारलं, "आपण त्या बाईला बघायला आलोय ना?" त्या रात्री मला झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी मी तो क्यू ११ मिनिटांचा केला. खिडकीबाहेर तीन दिवे लावले, एक उंचावर, एक मध्ये, एक खाली. सूर्य खाली उतरतो तसा घरातला कवडसा आत आत सरकतो आणि वर चढतो, तुम्ही पाहिलंच असेल. वरचा दिवा उतरत जातो तसा मधला चढतो, मग त्याच्याकडून खालचा. झोतांच्या कडा मऊ केल्या, म्हणजे एक कवडसा दुसऱ्यात विरघळतो. आधी तो जमिनीवर असतो. मग खुर्चीच्या पायाशी. मग बाईच्या मांडीवरच्या हातांवर, आणि तिथं तो बराच वेळ थांबतो. ती बोटं हलवते तेवढीच काय ती हालचाल. पुढे तो हातांवरून निघून पलीकडच्या भिंतीवर चढतो आणि हरवतो. काल मी प्रेक्षकांकडे बघत बसले होते. खिडकीकडे कुणी बघत नव्हतं. खोली अंधारली होती, पण नेमकी कधी अंधारली हे एकालाही सांगता आलं नसतं.

मग ती चाचपडत उठते आणि टेबलावरचा दिवा लावते. खरं तर तो मी वर कन्सोलवरून, म्हणजे सगळे दिवे जिथून चालतात त्या यंत्रावरून, लावते. एरवीचे क्यू स्टेज मॅनेजर देतो, लाल दिवा म्हणजे तयार राहा, हिरवा म्हणजे सोड. हा एकच मी नजरेनं घेते. तिची बोटं बटणापाशी आली की माझं बोटही खाली जातं. पाव सेकंद मागेपुढे झालं तरी ते घर खोटं ठरेल.

रंगांबद्दल बाबांनी विचारलं होतं, निळा म्हणजे दुःख, लाल म्हणजे राग असं असतं का. मला ते पटत नाही. डोळा फार पटकन सरावतो. निळ्या उजेडात पाच मिनिटं बसलात की तो निळा वाटेनासा होतो. शेजारी काय आहे त्यावर सगळं ठरतं. तो टेबलावरचा पिवळा दिवा लागेपर्यंत खोली नुसती करडी असते. तो लागला की त्याच क्षणी उरलेली खोली निळी आणि थंडगार वाटायला लागते, तिथला एकही दिवा मी बदललेला नसतानाही. ती बाई किती एकटी आहे हे तेव्हा कळतं. आणि तो दिवा मी हट्टानं जुन्या तारेच्या बल्बचाच ठेवला आहे. मंद करत नेला की तो निखाऱ्यासारखा तांबूस होत जातो. एलईडी नुसता मंद होतो, रंग आपणहून बदलत नाही, तो आपल्याला वेगळा भरावा लागतो. एलईडीला वीज कमी लागते, उष्णता कमी, हे सगळं खरंच आहे आणि बाकीचे बहुतेक दिवे आमचे तेच आहेत. पण माणसाच्या हाताजवळचा दिवा मला विझताना लाल झालेला हवा.

विजेचा विषय निघालाच आहे तर एक सांगते. मी इथल्या सॅव्हॉय थिएटरवरून बऱ्याचदा जाते. आधी सगळीकडे गॅसचे दिवे होते. ते एका जागेवरून कमी-जास्त करता यायचे ही सोय मोठी, पण आगीची भीती कायम. ८ डिसेंबर १८८१ रोजी व्हिएन्नाच्या रिंग थिएटरमध्ये प्रयोगाआधी गॅसचे दिवे लावताना आग लागली आणि शेकडो प्रेक्षक मेले. त्यानंतर वीसच दिवसांनी, २८ डिसेंबरला, सॅव्हॉयचा रंगमंच पहिल्यांदा विजेनं उजळला. मालक रिचर्ड डॉयली कार्ट स्वतः प्रेक्षकांसमोर आले. जळत्या बल्बला त्यांनी मलमलीचा तुकडा गुंडाळला आणि हातोडीनं बल्ब फोडला. मलमल जळली नाही. त्या टाळ्यांमध्ये किती लोकांनी सुटकेचा श्वास सोडला असेल! आजही इथं मध्यंतरात प्रेक्षकांसमोर आग अडवणारा लोखंडी पडदा खाली येतो. तो येताना बघितला की मला व्हिएन्ना आठवतं.

आणि बाबा, खूप साधनं असली म्हणजेच हे जमतं असं नाही. १९५९ मध्ये कोलकात्याच्या मिनर्व्हा थिएटरमध्ये उत्पल दत्त यांच्या 'अंगार' नाटकात शेवटी कोळशाच्या खाणीत पाणी भरत जातं आणि आतले कामगार बुडतात. प्रकाशयोजनाकार तापस सेन यांनी ते पाणी फक्त उजेडानं चढवलं. रंगमंचावर थेंबभर पाणी नव्हतं. इथल्या वर्गात मी हे सांगितलं तेव्हा सगळे गप्प झाले, मग एकानं विचारलं, पाण्याची वरची रेघ कशी हलवली असेल? संध्याकाळभर आम्ही तेच करून बघत होतो. जमलं नाही. पुन्हा बसणार आहोत.

मंगळवारपासून पुढच्या नाटकाचं काम सुरू होतंय. त्यात घर नाही, खिडकी नाही, नुसता एक उतार आणि मागे जाळीचा पडदा. समोरून उजेड टाकला की तो भिंतीसारखा दिसतो, आणि त्याच्या मागे दिवा लावला की भिंत विरते आणि पलीकडे उभी असलेली माणसं दिसायला लागतात. ती किती उशिरा दाखवायची, यावर सध्या डोकं चालवतेय.

आई, बॅटरीच्या खेळात चिडू नकोस, बाबांना सगळ्या जागा करून बघू दे. आणि कुठल्या जागेवरून धरल्यावर तू तुझ्यासारखी दिसलीस, ते मला फोनवर सांगा. डोक्यावरून आणि जराशी पुढून, असं माझं म्हणणं आहे, पण चुकलं असेल तर कळू दे.

तुमची,
धाकटी