समजूत न काढल्याबद्दल आभार

प्रिय काकू,

"नाव लिहू नकोस" असं तुम्ही आधीच बजावलंय, म्हणून लिहीत नाही. गिऱ्हाईक वाढलं तर शिवायचं कुणी, हे तुमचं कारण. पण आभार चारचौघांत मानायचे होते. तुम्ही मला जे सांगितलंत ते माझ्यासारख्या पुष्कळ मुलींना कुणी सांगतच नाही. त्यांच्या वाट्याला समजूत काढणारी माणसं येतात. "अगं, जाड असलीस म्हणून काय झालं, चेहरा किती गोड आहे!" तुम्ही पहिल्या भेटीत माझा चेहरा नीट पाहिलात की नाही याचीच मला शंका आहे. तुमचं सगळं लक्ष माझ्या खांद्याच्या शिवणीकडे होतं.

नोकरीच्या पत्रात शेवटी एक ओळ होती, 'कार्यालयात फॉर्मल कपडे अपेक्षित'. बाकीच्यांनी ती वाचून सोडून दिली असेल. माझी झोप त्या ओळीने उडवली. कॉलेजात सैल टॉप आणि जीन्सवर निभावलं होतं. फॉर्मल म्हटलं की शर्ट, पँट, ब्लेझर आलं, आणि या तिन्ही गोष्टी माझ्या मापाच्या आत आत कुठेतरी संपायच्या. दुकानात शिरलं की विक्रेती लांबूनच मान हलवायची. "तुमच्या साइजमध्ये फॉर्मल येत नाही, कॅज्युअल दाखवू?" कॅज्युअल म्हणजे गुडघ्यापर्यंत लोंबणारा, मोठ्या फुलांचा टॉप. तो घालून मीटिंगला कोण बसणार? एकीने तर सरळ पुरुषांच्या विभागात पाठवलं. तिथला शर्ट छातीला बसला, पण खांदे दंडावर उतरले, बाह्या बोटांवर आल्या आणि खाली सीटवर, म्हणजे नितंबांवर, शेवटचं बटण काही लागेना. लागणार कसं? तो शर्ट वरून रुंद आणि खाली सरळ, माझं बरोबर उलटं.

शेवटी ऑनलाइन मागवलेला ब्लेझर, दोन शर्ट आणि एक पँट पिशवीत कोंबून तुमच्याकडे आले. 'फिट करून द्या' एवढंच म्हणायचं होतं. तुम्ही पिशवीला हातही लावला नाहीत. म्हणालात, "कपडे नंतर बघू. आधी तुझं माप."

ते माप मी विसरणार नाही. टेप गळ्यात, वही मशीनवर उघडी, आणि तुम्ही आकडे मोठ्याने उच्चारत होतात. छाती, कंबर, पोट, सीट, दंडघेर, मांडी. विजेच्या मीटरचं रीडिंग घ्यावं तशा आवाजात. आत्तापर्यंत माझे आकडे लोक एक तर कुजबुजत सांगायचे, नाहीतर सांगताना हसायचे. तुमच्या तोंडी ते नुसते आकडे होते. मग स्टुलावर बसवून कंबर आणि सीट पुन्हा मोजलीत. मी विचारलं, का? "ऑफिसात दिवसभर उभी राहणारेस का?" बसल्यावर सीटचं माप जवळजवळ दोन इंच वाढलं होतं. दुकानाच्या आरशासमोर बरी बसणारी पँट खुर्चीत बसलं की पोटात का रुतते, याचं उत्तर त्या दोन इंचांत होतं. ट्रायल रूममध्ये आपण उभे राहतो, वळतो, पोट आत घेतो आणि कपडा विकत घेतो. खुर्चीत बसून कोण बघतं?

मग पिशवी उघडलीत. ब्लेझर अंगावर चढवला आणि म्हणालात, "आता वरच्या फळीवरचा डबा काढ." मी हात वर केला तसा अख्खा ब्लेझर वर आला, कॉलर कानाला टेकली. मला वाटलं काखेत घट्ट होतोय, थोडा सैल केला की झालं. तुम्ही काखेत दोन बोटं घालून दाखवलंत की तिथे जागा हवी त्याहून जास्त आहे. मुंढा, म्हणजे बाही जोडायचा काखेचा गोल काप, फार खाली कापला होता. मुंढा खाली गेला की बाही अंगाला खालून जोडली जाते, आणि हात उचलला की ती सगळा कोट ओढून वर नेते. मुंढा वर, काखेच्या जवळ असेल तर हात मोकळा फिरतो. घट्ट वाटतंय म्हणून आपण आणखी मोठा नंबर घेतो, त्याचा मुंढा आणखी खाली असतो आणि दुखणं वाढतं. हे इतकं उलटं आहे की डोळ्यांनी पाहिलं नसतं तर माझा विश्वास बसला नसता.

आणि मग तुम्ही म्हणालात, "हा परत कर. बाजू आत घेता येतात, बाहीची लांबी कमी होते, पण कापून टाकलेलं कापड मी कुठून आणू?" तुमचं काम त्यात गेलं, काकू. दुसऱ्या कुणी खांदे उसवून, काहीतरी जोडून-तोडून पैसे घेतले असते आणि ब्लेझर कपाटात पडून राहिला असता.

असं का कापतात, असं विचारल्यावर तुम्ही खडूने टेबलावर काढून दाखवलंत. कारखान्यात नमुना एका मधल्या मापावर बेततात आणि मग ठरलेल्या हिशेबाने सगळीकडे थोडंथोडं वाढवत मोठे नंबर काढतात. पण बाई जाड झाली म्हणून तिचे खांदे त्या प्रमाणात रुंद होत नाहीत, हातही लांब होत नाहीत. पोट, दंड, छाती वाढते, हाडं तिथंच राहतात. मोठ्या मापांसाठी वेगळ्या अंगावर वेगळा नमुना बेतला तरच ते बसतं. तो खर्च करणारे करतात, बाकीचे नुसते आकडे वाढवतात.

घरी जाऊन मी याबद्दल वाचत बसले. अमेरिकेत १९३९-४० मध्ये सरकारच्या कृषी खात्याने जवळपास १५,००० बायकांची मापं घेतली, एकेकीची ५९. मात्र हिशेबात फक्त गोऱ्या बायकांची मापं धरली. त्यावर बेतलेलं नंबरांचं प्रमाण १९५८ मध्ये आलं आणि १९८३ मध्ये रद्दही झालं, कारण ते बायकांच्या अंगाशी जुळतच नव्हतं. तेव्हापासून तिथली प्रत्येक कंपनी आपापला नंबर ठरवते. म्हणजे ज्या 'डबल एक्सएल'पुढे मी वर्षानुवर्षं मान खाली घालून उभी राहिले, तो आकडा कुठल्या नियमात बसणारा नव्हताच. एका दुकानात मी एक्सएल, दुसऱ्यात तिच्याहून दोन नंबर वर. तुम्ही हे एका वाक्यात सांगितलं होतंत, "लेबल कापून टाक, टोचतं."

आता शर्ट. दोन बटणांच्या मधे फट पडते आणि समोरचा माणूस बोलताना नजर कुठे ठेवायची या विवंचनेत पडतो, हे दुखणं ज्यांना आहे त्यांना समजावून सांगायला नको. मी सेफ्टी पिन लावायचे. तुम्ही सांगितलंत, छातीच्या सगळ्यात रुंद भागावर एक बटण यायलाच हवं. रेडिमेड शर्टात ते बहुतेक वेळा एक तर वर असतं नाहीतर खाली. शर्ट छातीच्या मापाने घ्यायचा, कंबरेच्या नाही. मग मागून दोन लांब टक्स, म्हणजे चिमटीत कापड धरून मारलेल्या निमुळत्या शिवणी, घालून कंबर आत घ्यायची. आणि बटणपट्टीच्या आतून, फट पडते तिथे, एक चपटं टिचबटण. ते बाहेरून दिसत नाही. काम इतकं छोटं की तुम्ही त्याचे पैसे घ्यायला तयार नव्हतात. पण सकाळी आरशासमोर पिन लावताना बोटाला टोचणं आणि दिवसभर फाइल छातीशी धरून फिरणं त्या एका टिचबटणाने संपलं. माझ्या मते शर्टाच्या कंपन्यांनी ते शिवूनच द्यायला हवं, पण ते राहू दे.

पँटबद्दल तुम्ही सगळ्यात जास्त बोललात आणि बोलताना चिडलातही. रेडिमेड बायकांच्या पँटला आत जेमतेम एक सेंटिमीटर शिलाई सोडतात, सैल करायचं म्हटलं तर कापडच नाही. पुरुषांच्या पँटला मागे चांगली रुंद शिलाई असते, बायकांना मात्र नाही. म्हणून तुमचा नियम असा की सीट आणि मांडी जिथे बसेल ती पँट घे, कंबर मागून आत घेता येते. आसन, म्हणजे कंबरेपासून दोन्ही पायांच्या जोडापर्यंतचा भाग, खोल हवं, आणि मागे पुढच्यापेक्षा उंच, नाहीतर बसल्यावर मागून पट्टा खाली सरकतो. आणि मांड्या. याबद्दल आईदेखील बोलली नव्हती. चालताना मांड्या घासतात, तिथलं कापड आधी गुळगुळीत होतं, मग पातळ, आणि एक दिवस ऑफिसच्या जिन्यात फाटतं. फाटल्यावर ठिगळ लावण्यात अर्थ नाही, पहिल्यांदा घालायच्या आधीच आतून मऊ, सुळसुळीत कापडाचा तुकडा लावून घ्यायचा, असं तुम्ही सांगितलंत आणि लावूनही दिलात, चारी कडा हाताने, इतक्या बारीक टाक्यांनी की बाहेरून एकही टाका दिसत नाही. कापडही तुम्हीच निवडलंत. निव्वळ सुती नको, पॉलिस्टर-व्हिस्कोस मिश्रण घे, थोडं वजनदार. लायक्रा, म्हणजे ताणला जाणारा धागा, दोन-तीन टक्के बास, जास्त असेल तर संध्याकाळपर्यंत गुडघ्यांना पिशव्या येतात. पातळ कापड अंगाला चिकटतं, जड कापड सरळ पडतं. हे मी दहा वेळा ऐकलं असतं तरी पटलं नसतं. तुम्ही दोन्ही कापडं माझ्या मांडीवर टाकून दाखवलीत तेव्हा पटलं.

रंगावरून मात्र मी हटून बसले होते. काळाच हवा, आडव्या रेघा नकोत, जाड दिसते. "काळा आवडतो?" तुम्ही विचारलंत. खरं तर नाही आवडत. तुम्ही फक्त "मग?" म्हणालात आणि टेप गुंडाळलीत. हेल्महोल्ट्झ नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने १८६७ मध्येच लिहून ठेवलं होतं, की आडव्या रेघांचा चौकोन उभ्या रेघांच्या चौकोनापेक्षा उंच दिसतो. म्हणजे आडव्या रेघांनी जाड दिसतं, हे मैत्रिणींपासून मासिकांपर्यंत सगळे जे सांगत आले, ते तसं ठाम नव्हतंच. मी गडद हिरवा ब्लेझर घेतला. तुम्ही आत अस्तर लावताना मरून रंगाचं लावलंत, मला न विचारता. आवडलं.

एका बाबतीत मात्र आपलं जमलं नाही. टी-शर्टसारख्या विणीच्या, ताणल्या जाणाऱ्या कापडाचा ब्लेझर म्हणजे तुमच्या मते बनियन. मी एक घेतलाच. प्रवासात चुरगळत नाही, हात उचलला तर त्रास नाही, इस्त्री नाही. तुम्ही तो बघून नाक मुरडलंत, तरी त्याच्या बाह्या लहान करून दिल्यात, आणि काम इतकं नीट केलंत की नाक मुरडल्याचं मला काही वाटलं नाही.

सगळ्यात उपयोगी सल्ला जाता जाता दिलात. पहिल्या पगाराआधी सगळं घेऊन टाकू नकोस. दोन पँट, तीन शर्ट, एक ब्लेझर. तेवढ्यात पहिला आठवडा निघतो. तिथे लोक काय घालतात ते बघ, मग ये. माझ्या ऑफिसात ब्लेझर फक्त बाहेरच्या लोकांशी मीटिंग असली की घालतात, हे मला तिसऱ्याच दिवशी कळलं. आधी चार शिवून घेतले असते तर पैसे वाया गेले असते. कामाला लागणाऱ्या ज्या मुली हे वाचत असतील, त्यांनी निदान एवढं ऐकावं: सगळ्यात चांगला बसलेला एक शर्ट घ्या, त्याच नमुन्याचे आणखी शिवून घ्या.

पहिल्या दिवशी कपड्यांवरून कुणी एक शब्द बोललं नाही. 'छान दिसतेस' नाही, 'काय घातलंस' नाही. काम दिलं, जागा दाखवली, पासवर्ड दिला. दुपारी केव्हातरी लक्षात आलं, की सकाळपासून मी एकदाही शर्ट खाली ओढला नव्हता. दुसऱ्या आठवड्यात फळ्यावर आकृती काढायला उठले, हात वर केला, ब्लेझर जागच्या जागी राहिला. मी माझ्या आकृतीबद्दलच बोलले.

मला वाटतं, तुम्ही धीर द्यायला बसला असतात तर मी तो घेऊन घरी गेले असते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा सेफ्टी पिन शोधली असती. माझ्या अंगाला तुम्ही एक शिवायचं काम मानलंत, अवघड पण सुटणारं. त्याबद्दल आभार.

दोन्ही पँटच्या मांडीचे आतले तुकडे आता झिजलेत, बाहेरचं कापड मात्र शाबूत आहे. या रविवारी घेऊन येते. सोबत ऑफिसातली एक जण येईल, तिचं उलटं आहे, खांदे रुंद आणि कंबर बारीक. वहीत एक पान रिकामं ठेवा.

तुमची गिऱ्हाईक