मराठी विकिपीडियावरील कृष्णवर्णीय स्त्रियांच्या लेखांसाठी मदतीचे आवाहन

सप्रेम नमस्कार.

आमच्या सार्वजनिक वाचनालयाचा वाचकगट गेल्या वर्षापासून दर रविवारी सकाळी एकत्र बसून मराठी विकिपीडियावर लेख लिहितो. या वेळी सावित्रीबाईंच्या जयंतीपासून, म्हणजे ३ जानेवारीपासून, ८ मार्चपर्यंतचे सगळे रविवार केवळ कृष्णवर्णीय स्त्रियांवरील लेखांसाठी राखून ठेवावेत, नाहीत ते लेख लिहावेत, अपुरे असतील ते वाढवावेत आणि चुकलेले दुरुस्त करावेत, असे कार्यकारी मंडळाच्या बैठकीत ठरले आहे. त्यासाठी माणसे, पुस्तके आणि थोडा पैसा हवा आहे. नेमके काय हवे ते पुढे लिहिले आहेच. पण त्याआधी कामाचे स्वरूप सांगणे भाग आहे, कारण 'चार ओळी टाइप करायच्या आहेत' अशा समजुतीने आलेली मंडळी दुसऱ्या रविवारी फिरकत नाहीत, हा आमचा गेल्या वर्षीचा अनुभव आहे.

एका नावापासून सुरुवात करतो. ॲलिस बॉल यांचा जन्म १८९२ साली अमेरिकेत सिॲटल येथे झाला. औषधनिर्माणशास्त्राचे शिक्षण घेऊन त्या हवाई बेटांवर गेल्या आणि १९१५ साली तेथील महाविद्यालयातून रसायनशास्त्राच्या पदव्युत्तर परीक्षेत उत्तीर्ण झाल्या. त्या संस्थेतून ही पदवी मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री आणि पहिल्या आफ्रिकन-अमेरिकन होत. त्या काळी कुष्ठरोगावर थोडाफार गुण येई तो चौलमुग्र्याच्या तेलाने. हे तेल आपल्याला परके नाही. सह्याद्रीच्या रानात वाढणारे कडू कवठ हे त्याच गणातले झाड असून त्याच्या बियांचे तेल आपल्याकडील वैद्य त्वचारोगांवर वापरत आले आहेत. अडचण अशी होती की तेल पोटात घेतले तर ढवळून येऊन उलटी होई, वरून चोळले तर फारसा उपयोग होत नसे, आणि सुईने टोचले तर ते इतके दाट आणि चिकट, की अंगात न जिरता कातडीखालीच गाठी धरून बसे आणि रोग्याच्या वेदनांत भर पडे. होनोलुलूच्या कालिही रुग्णालयातील डॉ. हॅरी हॉलमन यांनी हा प्रश्न बॉल यांच्यापुढे ठेवला. बॉल यांनी तेलातील मेदाम्लांपासून एथिल एस्टर नावाची संयुगे तयार केली आणि शरीरात शोषले जाईल असे इंजेक्शन त्यातून शक्य झाले. तेव्हा त्यांचे वय तेविसाच्या आसपास होते, आणि हे काम त्या महाविद्यालयातले शिकवणे सांभाळून करीत होत्या.

३१ डिसेंबर १९१६ रोजी, वयाच्या चोविसाव्या वर्षी, त्यांचा मृत्यू झाला. संशोधन छापून यायचे राहिले होते. त्याच महाविद्यालयाचे अध्यक्ष आर्थर डीन यांनी ते पुढे नेले, प्रसिद्ध केले आणि त्यात बॉल यांचा उल्लेख केला नाही. पद्धत 'डीन पद्धत' म्हणून ओळखली जाऊ लागली. १९२२ साली डॉ. हॉलमन यांनी आपल्या लेखात तिला 'बॉल पद्धत' म्हटले, तरी तो एकटा आवाज फार दूर गेला नाही. १९४० च्या दशकात कुष्ठरोगावरची सल्फोन औषधे येईपर्यंत हे इंजेक्शन वापरात होते. ते महाविद्यालय पुढे हवाई विद्यापीठ झाले; त्या विद्यापीठाने बॉल यांच्या नावाचा फलक आवारातल्या चौलमुग्र्याच्या झाडाशी लावला तो २००० साली, म्हणजे मृत्यूनंतर तब्बल ८४ वर्षांनी. ज्या महाराष्ट्रात आनंदवन उभे राहिले, तेथल्या वाचकाला हे चरित्र मराठीत, नीट आणि पुराव्यासह वाचायला मिळावे, ही अपेक्षा फार मोठी नाही.

आता या कामातली खरी मेख सांगतो. विकिपीडिया हा ज्ञानकोश आधी कोठेतरी छापून आलेलेच घेतो. ज्या व्यक्तीवर लेख लिहायचा, तिच्याविषयी तिच्याशी संबंध नसलेल्या, भरवशाच्या स्रोतांनी पुरेसे लिहिलेले असावे लागते. नसेल तर लेख टिकत नाही. नियम चुकीचा नाही. तो नसता तर प्रत्येक गल्लीतल्या थोर नेत्याचा लेख तेथे झळकला असता. पण ज्यांची नावे मूळ शोधनिबंधातूनच गळाली, ज्यांच्या मृत्यूची बातमीही मोठ्या वर्तमानपत्राने छापली नाही, त्यांच्याबाबत हा नियम जुने वगळणेच नव्याने करून ठेवतो. क्लॅरिस फेल्प्स यांचे उदाहरण अलीकडचे आहे. अमेरिकेतील ओक रिज प्रयोगशाळेतल्या या रसायनतज्ज्ञ. ११७ क्रमांकाचे मूलद्रव्य, म्हणजे आजचे टेनेसिन, तयार करण्यासाठी बर्केलियम हे किरणोत्सारी मूलद्रव्य लागत होते. ते जेमतेम २२ मिलिग्रॅम मिळाले आणि वर्षभराच्या आत त्यातले निम्मे आपोआप क्षय पावणार होते. ते घाईने शुद्ध करून रशियातील दुबना येथे पाठवायचे होते, आणि ते शुद्ध करणाऱ्या चमूत फेल्प्स होत्या. त्यांच्यावरचा इंग्रजी लेख २०१८ साली लिहिला गेला, २०१९ च्या सुरुवातीला 'पुरेसे स्वतंत्र संदर्भ नाहीत' म्हणून काढला गेला, पुन्हा लिहिला गेला, पुन्हा काढला गेला, आणि भरपूर वादानंतर २०२० साली परत आला. दोन्ही बाजूंचे लोक नियमावर बोट ठेवूनच बोलत होते. ती चर्चा वाचताना आम्हाला उमजले ते एवढेच, की असा लेख तगतो तो तळाशी दिलेल्या संदर्भांवर, आणि ते शोधायला चिकाटीची माणसे लागतात.

अशी माणसे अन्यत्र एकत्र आलेली आहेत. २०१५ साली न्यूयॉर्कमध्ये ॲलिस बॅकर यांनी 'ॲफ्रोक्राउड' हा उपक्रम सुरू केला, तो कृष्णवर्णीय समाजाचा इतिहास आणि संस्कृती यांची विकिपीडियावरील उणीव भरून काढण्यासाठी. त्याच वर्षी 'विमेन इन रेड' हा प्रकल्प सुरू झाला. ज्या नावावर लेख नसतो त्याचा दुवा विकिपीडियावर लाल दिसतो आणि लेख झाला की निळा होतो, त्यावरून हे नाव पडले. इंग्रजी विकिपीडियावरील चरित्रलेखांत स्त्रियांचे लेख २०१४ च्या सुमारास १५ टक्क्यांच्या थोडे वर होते, आज ते २० टक्क्यांच्या घरात आहेत. हे अंतर हजारो स्वयंसेवकांनी, एकेक लेख लिहून, तोडले आहे.

वार्षिक सभेत एका ज्येष्ठ सभासदांनी विचारले, की आपल्याच बायकांवर लिहून अजून संपलेले नाही, तर अमेरिकेतल्या आणि आफ्रिकेतल्या बायका आपण का घ्याव्यात? प्रश्न रास्त आहे. आपल्या स्त्रियांवरचे लेख वर्षभर चालूच राहतील. पण महात्मा फुले यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेतील गुलामांना मुक्त करणाऱ्या सदाचारी लोकांना, आणि आपल्या शूद्र बांधवांच्या मुक्ततेसाठी त्यांचा कित्ता आपल्या देशबांधवांनी गिरवावा अशी इच्छा तेथे व्यक्त केली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९४६ साली अमेरिकेतील कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डुबॉईस यांना पत्र लिहिले. १९७२ साली मुंबईत उभ्या राहिलेल्या दलित पँथरचे नाव अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या 'ब्लॅक पँथर' संघटनेवरून आले, ते सर्वांना ठाऊक आहे. या साऱ्या देवघेवीत पुरुषांची नावे आपल्या तोंडी बसली; तिकडच्या बायका मात्र आपल्याला अजून अनोळखी आहेत. ब्राझीलमधील साओ पाउलोच्या झोपडपट्टीत कागद-भंगार वेचून तीन मुले वाढवणाऱ्या आणि कचऱ्यात सापडलेल्या वह्यांवर रोजनिशी लिहिणाऱ्या कॅरोलिना मारिया डी जेझूस यांचे ते लेखन १९६० साली छापले गेले. आपल्याकडील दलित स्त्रियांची आत्मकथने ज्यांनी वाचली आहेत, त्यांना ही बाई ओळखीची वाटेल. आणि भारतही या विषयाबाहेर नाही. मुरूड-जंजिऱ्याच्या, मूळच्या आफ्रिकेतल्या सिद्दींचा इतिहास आपण शाळेत शिकतो. गुजरातेतील जांबूर गावच्या सिद्दी समाजातील हिराबाई लोबी यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा त्यांच्याविषयी मराठीत सविस्तर काही शोधू पाहणाऱ्या आमच्या सभासदांच्या हाती फारसे लागले नाही.

आमच्या यादीत यांच्याबरोबर केनियात १९७७ साली हरित पट्टा चळवळ सुरू करणाऱ्या आणि २००४ साली नोबेल शांतता पुरस्कार मिळवणाऱ्या वंगारी माथाई, १९२१ साली फ्रान्समध्ये जाऊन वैमानिकाचा परवाना मिळवणाऱ्या बेसी कोलमन, अंतराळवीर जॉन ग्लेन यांच्या १९६२ च्या पृथ्वीप्रदक्षिणेची गणिते हाताने पडताळणाऱ्या कॅथरीन जॉन्सन, लंडनमध्ये १९५८ साली वृत्तपत्र काढणाऱ्या त्रिनिदादच्या क्लॉडिया जोन्स आदी नावे आहेत. यांपैकी काहींवर मराठीत आधीच मजकूर आहे. तेथे नवा लेख न काढता आहे तोच वाढवायचा आहे. 'पहिली कृष्णवर्णीय स्त्री' एवढे लिहून थांबू नये, तिने नेमके काय केले ते वाचकाला कळावे, असा आमचा आग्रह राहील.

कामाची रीत अशी. प्रत्येक लेख आधी सदस्याच्या धूळपाटीवर, म्हणजे विकिपीडियावरील सरावाच्या पानावर, लिहिला जातो, दुसरा सदस्य तो वाचतो, प्रत्येक विधानाला संदर्भ आहे की नाही ते तपासतो, आणि मग लेख मुख्य नामविश्वात, म्हणजे वाचकांसाठीच्या लेखांत, जातो. शंका असेल तर लेखाच्या चर्चापानावर किंवा चावडीवर, म्हणजे सर्व संपादकांच्या सामाईक चर्चेच्या पानावर, विचारायचे. प्रचालकांशी, म्हणजे देखरेख करणाऱ्या सदस्यांशी, हुज्जत घालायची नाही. इंग्रजी लेख यंत्राने भाषांतरित करून जसाच्या तसा डकवण्यास सक्त मनाई आहे. त्याचे कारण आमच्या दप्तरी आहे: गेल्या वर्षी एका उत्साही सभासदाने आणलेल्या मसुद्यात ॲलिस बॉल यांची पद्धत 'चेंडू पद्धत' झाली होती आणि परिच्छेदभर तो चेंडू कुष्ठरोग बरा करीत होता. आम्ही हसलो खरे, पण तोच मसुदा कोणी न वाचता प्रसिद्ध केला असता तर हसण्यासारखे काही उरले नसते. स्रोतांत मतभेद असतील तेथे निवाडा आपण करायचा नाही. बॉल यांच्या मृत्यूबाबत तेव्हाच्या वृत्तपत्राने शिकवताना क्लोरीन वायूची बाधा झाल्याचे सुचवले, मृत्यूच्या दाखल्यावर क्षयाची नोंद आहे. लेखात दोन्ही गोष्टी, कोण काय म्हणते त्यासह, याव्यात.

आता मदतीविषयी. पहिली गरज माणसांची आहे. युनिकोड देवनागरीत टाइप करता येणारे, इंग्रजी वाचून स्वतःच्या मराठीत लिहू शकणारे आणि शुद्धलेखन तपासू शकणारे स्वयंसेवक आम्हाला हवे आहेत. निवृत्त शिक्षकांनी विशेषत्वाने यावे. रसायन, गणित, वैद्यक या विषयांचे अध्यापक असतील तर परिभाषेचा घोळ टळेल. फ्रेंच, पोर्तुगीज किंवा स्वाहिली जाणणारे एखादे तरी माणूस मिळाले तर नावांचे उच्चार तरी नीट लिहिता येतील. परदेशी राहणाऱ्या मराठी बंधुभगिनींनी आपल्या गावच्या किंवा विद्यापीठाच्या ग्रंथालयातून जुन्या वृत्तपत्रांतील आणि नियतकालिकांतील संदर्भ शोधून त्यांचा तपशील (अंक, दिनांक, पृष्ठक्रमांक) कळवला, तर मोठी मदत होईल; ते काम येथे बसून आम्हाला कोणत्याही किमतीत करता येणार नाही.

दुसरी गरज वस्तूंची. चालू स्थितीतले दोन जुने लॅपटॉप, आणि कृष्णवर्णीय स्त्रियांची चरित्रे किंवा आफ्रिका, कॅरिबियन बेटे व अमेरिका यांच्या सामाजिक इतिहासावरील इंग्रजी-मराठी पुस्तके. पुस्तके वाचनालयाच्या नोंदवहीत दात्याच्या नावे चढतील आणि सर्वांना वाचायला मिळतील.

तिसरी गरज पैशाची असून ती एकूण ४०,००० रुपयांची आहे. त्यात वर्षभराची इंटरनेट जोडणी, काही पुस्तकांची खरेदी, छायाप्रती, रविवारचा चहा-नाश्ता आणि आसपासच्या गावांतून येणाऱ्या महाविद्यालयीन मुलींचे प्रवासभाडे धरले आहे. एस.टी.त त्यांना अर्धेच तिकीट पडते, तरी दहा रविवारांचे जाणे-येणे काही घरांना जड जाते आणि मग पहिली गळती तेथूनच लागते. लेख लिहिण्याबद्दल कोणालाही मानधन दिले जाणार नाही. ही देणगी वाचनालयाकडे येईल, विकिपीडिया चालवणाऱ्या संस्थेकडे नाही. प्रत्येक रकमेची पावती मिळेल आणि हिशेब मार्चअखेर सूचनाफलकावर लागेल. देणगीच्या बदल्यात दात्यावर किंवा त्याच्या वडिलांवर लेख लिहून मिळणार नाही. गेल्या वर्षी अशी एक देणगी आम्हाला नम्रपणे परत करावी लागली, म्हणून हे आधीच नमूद करतो.

नावनोंदणी व देणगी वाचनालयाच्या वेळेत ग्रंथपालांकडे २५ डिसेंबरपर्यंत करावी. एक विनंती मात्र आवर्जून: पहिल्या रविवारी येताना प्रत्येकाने विकिपीडियावरील आपले सदस्यखाते घरूनच उघडून यावे, कारण एकाच इंटरनेट जोडणीवरून एका दिवसात मोजकीच नवी खाती उघडता येतात, आणि गेल्या खेपेस सातव्या खात्याशीच आमची सकाळ अडून बसली होती.

आपले नम्र,
कार्यकारी मंडळ व रविवार वाचकगट