सास्तीची चित्रे सास्तीजवळही लागावीत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत आमच्या तालुक्यातल्या सास्ती या कोळसा खाणीच्या गावचे चित्रकार प्रभाकर पाचपुते यांच्या चित्रांवर आलेला लेख वाचला. लेख आपुलकीने लिहिला आहे, छायाचित्रेही स्वच्छ छापली आहेत, आणि राजुरा तालुक्यात सत्तावीस वर्षे शाळेत चित्रकला शिकवलेल्या माझ्यासारख्या माणसाला तो वाचून काय वाटले असेल, हे वेगळे सांगायला नको. तरीही लेखातील एका शब्दाबद्दल माझी तक्रार आहे, आणि त्या तक्रारीच्या निमित्ताने एक मागणीही आहे.

लेखात ही चित्रे ‘खाणीतल्या कोळशाने रंगवलेली’ असल्याचे म्हटले आहे. मराठीत दोन्ही वस्तूंना कोळसाच म्हणतात, त्यामुळे हा घोटाळा होतो. खाणीतून निघतो तो दगडी कोळसा. पाचपुते यांचे मुख्य माध्यम आहे तो लाकडाचा, म्हणजे आपल्या जुन्या भाषेत लोणारी कोळसा, ज्याला चित्रकलेच्या वर्गात आम्ही सरळ चारकोल म्हणतो. वाळुंजाच्या किंवा द्राक्षवेलीच्या बारीक काड्या हवा लागू न देता तापवल्या की त्या जळून राख न होता काळ्या, हलक्या आणि ठिसूळ होतात, आणि त्याच चित्रकाराच्या हाती येतात. दगडी कोळशाने चित्र का काढता येत नाही, हे आमच्या भागातल्या मुलांना पुस्तकातून शिकवावे लागत नाही. दर वर्षी वर्गातला एखादा मुलगा रस्त्याच्या कडेला ट्रकमधून पडलेला खडा खिशात घालून आणायचा आणि मोठ्या आशेने कार्ट्रिज पेपरवर घासायचा. खडा करकरायचा, कागदाला ओरखडे पडायचे, मधेच एखादा चकाकणारा कपचा निघून यायचा आणि एवढ्या खटाटोपानंतर उमटायची ती मातकट, करडी रेघ. मग त्याच कागदाच्या कोपऱ्यात मी चारकोलची कांडी आडवी धरून ओढायचो आणि वरून तळहात फिरवायचो. कागदावर रात्र पडायची. मुले आपापले तळहात पुढे करायची, कारण ती काळी भुकटी त्यांनाही हवी असायची.

हा भेद मी केवळ शब्दांचा काथ्याकूट म्हणून सांगत नाही. वर्धा नदीच्या खोऱ्यातला दगडी कोळसा हाही एके काळचा झाडोराच, पण तो गाडला गेला २५ ते ३० कोटी वर्षांपूर्वी, आणि चारकोलचे लाकूड फार तर गेल्या हंगामातले. खाणीने वेढलेल्या गावातला चित्रकार खाणीविषयी बोलताना हाती घेतो तो असा ताजा, बोटाच्या दाबाने मोडणारा आणि फुंकरीने उडणारा कोळसा. ‘खाणीतला कोळसा’ म्हटले की वाचक त्या गमतीदार योगायोगावर खूश होतो आणि पुढे पाहायचे थांबतो, असे मला वाटते.

पाचपुते यांचा जन्म १९८६ चा. त्यांच्या घरातल्या तीन पिढ्यांचा संबंध कोळसा खाणीशी आहे. त्यांनी छत्तीसगडमधील खैरागढच्या इंदिरा कला संगीत विश्वविद्यालयात शिल्पकलेचे शिक्षण घेतले आणि पुढे बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात पदव्युत्तर शिक्षण पूर्ण केले. शिल्पकलेची ती तालीम त्यांच्या रेषेत आजही जाणवते. त्यांची माणसे कागदावर तरंगत नाहीत, त्यांना वजन असते आणि त्यांच्या पायाखाली जमीन दबलेली दिसते. मुंबईत क्लार्क हाऊस येथे २०१२ मध्ये त्यांचे जे प्रदर्शन झाले, त्याचे नाव खाणीत नेल्या जाणाऱ्या कॅनरी पक्ष्यावरून घेतले होते. विषारी वायू माणसाच्या आधी या पिवळ्या पाखराला बाधतो, म्हणून ब्रिटनमधील खाणकामगार त्याला पिंजऱ्यात घालून सोबत नेत असत आणि त्याच्याकडे लक्ष ठेवून असत. त्या देशात ही प्रथा बंद करण्याचा निर्णय झाला तो १९८६ मध्ये, म्हणजे योगायोगाने या चित्रकाराच्या जन्मवर्षीच. नंतरच्या दहा वर्षांत साओ पावलो, कोची, इस्तंबूल, ब्रिस्बेन आणि २०२२ मध्ये व्हेनिसचे बिएनाले (दर दोन वर्षांनी भरणारे कलाप्रदर्शन), अशी यादी वाढत गेली. आपल्या लेखात ती पूर्ण आली आहेच, म्हणून इथे सगळी पुन्हा देत नाही.

या यादीतले कोची मी स्वतः पाहिले आहे. २०१४-१५ च्या त्या बिएनालेला जाण्यासाठी बल्लारशाहून केरळ एक्सप्रेस पकडली आणि एक रात्र व एक दिवस बसून एर्नाकुलम गाठले. नदीच्या अलीकडच्या तीरावरल्या माणसाची चित्रे पाहायला एवढा प्रवास करावा लागतो, याचे गाडीत मला हसू येत होते. फोर्ट कोचीला समुद्राच्या काठावरल्या एका जुन्या व्यापारी वखारीत ही चित्रे होती. माझ्या लक्षात सर्वांत जास्त राहिली ती भिंतीच्या पायथ्याशी साचलेली काळी भुकटी. भिंतीवर थेट चारकोल ओढला की त्याचा काही अंश खाली गळतोच. एखाद्या सफाईने वेडावलेल्या व्यवस्थापकाने ती झाडून घेतली असती, तिथे तशीच राहू दिली होती. आमच्या घरी ओट्यावर, तुळशीच्या पानांवर आणि दोरीवर वाळत घातलेल्या धोतरावर रोज सकाळी हाच थर असतो. फरक इतकाच की तो आम्ही काढलेला नसतो.

आता त्या चित्रांमधल्या प्रतीकांविषयी. पाचपुते यांच्या चित्रांत माणसाच्या धडावर पुष्कळदा डोके नसते; त्या जागी दिवा असतो, अवजार असते, यंत्राचा एखादा भाग असतो. कुठे माणूस, जनावर आणि यंत्र असे तिन्ही एकाच देहात मिसळलेले असतात, तर कुठे जमिनीलाच पाय फुटलेले दिसतात. जाणकार मंडळी याला अतिवास्तव म्हणतात, आणि आपल्या लेखातही ‘स्वप्नवत’ हा शब्द दोनदा आला आहे. माझा त्याला नम्र विरोध आहे. भूमिगत खाणीत उतरलेल्या कोणालाही विचारा. कामगार आधी लॅम्प रूममध्ये जातो, आपल्या क्रमांकाचा दिवा घेतो, त्याची बॅटरी कमरेला बांधतो आणि दिवा टोपीवर चढवतो. एकदा खाली गेल्यावर समोरून येणारा माणूस दिसत नाही, दिसतो तो त्याच्या कपाळावरचा उजेड, आणि तो उजेड डोळ्यांवर आल्यामुळे त्यामागचा चेहरा तर मुळीच दिसत नाही. पाळी संपून तो वर आला की दिवा परत जमा होतो, आणि दिवा जमा झाला नाही तरच माणूस खाली राहिल्याचे वरच्यांना कळते. अशा ठिकाणी डोक्याच्या जागी दिवा काढणे यात स्वप्न कसले? ती तर हजेरीची नोंद झाली.

ओपनकास्ट, म्हणजे वरून उघड्या खाणीचेही तसेच. कोळशावरची माती, मुरूम आणि दगड काढून बाजूला रचतात, त्याला आमच्याकडे सगळे ‘ओबी’ म्हणतात. ‘ओव्हरबर्डन’ हा मूळ इंग्रजी शब्द उच्चारायच्या भानगडीत कोणी पडत नाही. सपाट कापसाच्या शेतांच्या मुलखात हे ढिगारे डोंगरासारखे उभे राहिले आहेत, आणि माझ्या वर्गातल्या मुलांनी निसर्गचित्र काढताना दोन डोंगरांमधून उगवणारा सूर्य काढला, तर ते डोंगर सह्याद्रीचे नसून ओबीचे असायचे. जमीन उठून चालू लागते हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. जमिनीच्या बदल्यात घरातल्या एकाला नोकरी मिळाली, की सकाळी बैलांना वैरण घालणारा माणूस दुपारी डंपरवर बसलेला असतो. त्याला अर्धा शेतकरी आणि अर्धे यंत्र असे चितारणे हे प्रतीक खरेच, पण ज्याच्या घरात ते घडले आहे त्याला त्याची फोड करून सांगावी लागणार नाही. व्हेनिसच्या प्रेक्षकाला चित्राशेजारी माहितीची पाटी वाचावी लागत असेल. राजुऱ्याचा प्रेक्षक त्या पाटीत चूक काढील.

म्हणून माझी मागणी अशी आहे की या चित्रांचे प्रदर्शन चंद्रपूर जिल्ह्यात, आणि तेही शक्यतो जिल्ह्याच्या ठिकाणी न भरवता राजुरा, बल्लारपूर किंवा घुग्घुस अशा खाणीच्या गावात भरवावे. पुढाकार जिल्हा प्रशासनाने घ्यावा आणि आपल्या वृत्तपत्राने तो विषय लावून धरावा. मी सत्कार मागत नाही, हे आधीच स्पष्ट करतो, कारण आपल्याकडे कलावंताचे नाव निघाले की शाल, श्रीफळ आणि चार भाषणे एवढ्यावर काम उरकते आणि त्याची कला कोणी पाहतच नाही.

खाणकामगारांच्या गावांनी आपली चित्रे आपल्याजवळ ठेवल्याची उदाहरणे आहेत. इंग्लंडच्या ईशान्येला ॲशिंग्टन नावाचे कोळशाचे गाव आहे. तिथल्या खाणकामगारांनी १९३४ मध्ये संध्याकाळच्या कलावर्गात चित्रे काढायला सुरुवात केली. तो समूह पुढे नावारूपाला आला, आणि त्यांची चित्रे आज लंडनला नव्हे, तर त्याच गावाजवळच्या वुडहॉर्न या बंद पडलेल्या खाणीच्या जागेवरील संग्रहालयात आहेत. वेल्समध्ये ब्लेनाव्हन येथील बिग पिट ही खाण १९८० मध्ये बंद झाली आणि १९८३ मध्ये संग्रहालय म्हणून खुली झाली; तिथे प्रेक्षकाला आजही दिवा बांधून खाली नेतात. पाचपुते यांचा वेल्सशी संबंध थेट आहे. २०२१ मध्ये कार्डिफला झालेल्या नवव्या आर्टेस मुंडी या कलापुरस्काराच्या प्रदर्शनासाठी त्यांनी वेल्सच्या खाणकामगारांच्या निशाणांचा आणि मोर्चांच्या प्रतिमांचा आधार घेतला होता, आणि त्या वर्षी सहाही कलावंतांना विभागून मिळालेल्या पुरस्काराचे ते एक मानकरी होते. तिकडच्या खाणी बंद झाल्या आहेत, आमच्या चालू आहेत. संग्रहालय व्हायला खाण बंद पडावीच लागते असे थोडेच आहे?

खर्चाचा प्रश्न निघेल, आणि आधी पाण्याचे पाहा असेही कोणी म्हणेल. पाण्याचे आधी पाहावेच, त्यात वाद नाही. परंतु भिंतीवरच्या चारकोल चित्राचा एक गुण इथे उपयोगी पडतो. त्याला पेटारे, विमानाने वाहतूक किंवा विमा यांतले काहीच लागत नाही. चित्रकार येतो, भिंतीवर काढतो, प्रदर्शन संपले की त्या भिंतीला पुन्हा रंग दिला जातो आणि चित्र संपते. मला पूर्वी याची हळहळ वाटायची. आता वाटते, की जे चित्र जपून ठेवायचेच नाही, ते परवडत नाही असे कोणत्याही कार्यालयाला म्हणता येणार नाही. भिंत, चार दिवे, रात्रीचा एक राखणदार आणि चित्रकाराचे रास्त मानधन एवढाच हा खर्च आहे. खाणींच्या स्वामित्वधनाला (रॉयल्टीला) जोडून येणाऱ्या रकमेतून चालणारे जिल्हा खनिज प्रतिष्ठान आपल्याकडे आहे, आणि त्याच्या प्राधान्यक्रमात शिक्षणाचा समावेश आहे. शाळांच्या मुलांनी हे प्रदर्शन पाहणे हे शिक्षणच आहे, असे मी तरी धरतो.

प्रदर्शन भरलेच तर वेळेचा तेवढा विचार व्हावा. मुंबईच्या दालनांसारखी अकरा ते सहा ही वेळ इथे निरुपयोगी आहे. पहिल्या पाळीचा माणूस संध्याकाळी सुटतो, आंघोळ आणि चहा करून निघायला त्याला सात वाजतात, आणि दुसऱ्या पाळीच्या माणसाला फक्त सकाळच मोकळी असते. दालन सकाळी आठला उघडावे, दुपारी खुशाल बंद ठेवावे आणि रात्री दहापर्यंत चालू ठेवावे. शाळांसाठी दिवाळीनंतरचे दिवस बरे, कारण तोवर एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या सरकारी परीक्षा आटोपलेल्या असतात आणि मुले चित्राकडे गुणांच्या हिशेबाने न पाहता नुसती पाहू शकतात.

जागा निवडताना एक काळजी मात्र घ्यावी लागेल. आमच्याकडच्या शाळा, सभागृहे आणि कॉलनीतले हॉल यांच्या भिंतींना कमरेच्या उंचीपर्यंत ऑइलपेंटचा चकचकीत पट्टा मारलेला असतो, आणि त्यावर चारकोल धरत नाही, नुसता सरकतो. चुना किंवा साधा डिस्टेंपर लावलेली, जराशी खरबरीत भिंत हवी. माझ्या पाहण्यात अशा तीन इमारती आहेत. त्यांपैकी एक वापरात नसलेले उपाहारगृह असून त्याची उत्तरेकडची भिंत सुमारे चाळीस फूट लांब आहे आणि तिला एकही खिडकी नाही. संबंधितांनी कळवल्यास ती दाखवायला मी कोणत्याही दिवशी येईन. तोपर्यंत कोणी उत्साहाच्या भरात तिला ऑइलपेंट मारू नये, एवढी विनंती.

आपला,
एक निवृत्त चित्रकला शिक्षक
राजुरा, जि. चंद्रपूर